वास आधी जमिनीलगत येतो



आपल्या मुलींच्या वसतिगृहाची इमारत जुनी आहे, हे येऊन गेलेल्यांना ठाऊक आहे. दगडी भिंती, वर कौले आणि दोन पायऱ्या खाली उतरून स्वयंपाकघर. पूर्वी तिथे चुली होत्या, गॅस नंतर आला. गेल्या पावसाळ्यात मुलींची मोठी खोली गळू लागली, म्हणून सात जणींची अंथरुणे स्वयंपाकघराला लागून असलेल्या धान्याच्या खोलीत हलवली. तीही तितकीच खाली आहे.

तिसऱ्या दिवशी पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, रातचा कुजका वास येतो. उठून बसलं का नाही येत." मला वाटले, उंदीर मेला असेल. पोती हलवली, झाडून घेतले, काही सापडले नाही. स्वयंपाकाच्या मावशींना विचारले, तर त्यांनाही वास आला नव्हता. पण "उठून बसलं का नाही येत" हे वाक्य डोक्यातून जाईना. त्या रात्री हातात बॅटरी घेऊन गेले आणि तिच्या चटईवर आडवी झाले. तेव्हा कळले. तो गॅसचा वास होता.

घरगुती गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. त्यामुळे तो वर न जाता पाण्यासारखा खाली पसरतो, उंबऱ्याखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि खोलगट जागी साचतो. हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला तरी एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. उभ्याने काम करणाऱ्या मावशींना जे जाणवले नाही, ते जमिनीवर झोपणाऱ्या लेकराला जाणवले. शिवाय एकाच वासात बराच वेळ राहिले की नाकालाही त्याची सवय होते.

दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला. बटण चालू करताना ठिणगी पडते, तशी बंद करतानाही पडते. हातातली बॅटरीही तशीच चालू ठेवली. मुलींना उठवून पडवीत नेले, दारे-खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन केला. गॅसगळतीची तक्रार इथे चोवीस तास घेतात.

सकाळी मेकॅनिक आला. त्याने वाटीत साबणाचा फेस केला आणि कुंचल्याने सगळ्या जोडांवर लावला. गळती असेल तिथे फेसात बुडबुडे फुगतात. शोधण्याची हीच पद्धत. काडी पेटवून कधीही पाहू नये. पहिले बुडबुडे फळीमागे दिसले. उंदराने नळी कुरतडली होती, आणि तिच्यावर छापलेली मुदत तर दोन वर्षांपूर्वीच संपली होती. दुसरे बुडबुडे रेग्युलेटर जिथे सिलिंडरवर बसतो तिथे आले. आतली रबरी रिंग चिरली होती.

या दोन्ही ठिकाणांहून गॅस रात्रभर का येत राहिला? आम्ही शेगडीचे कान बंद करत होतो, रेग्युलेटर मात्र चालूच राहत होता. म्हणजे सिलिंडरपासून शेगडीपर्यंत नळीत गॅस भरलेलाच. सात वर्षे मी त्या स्वयंपाकघरात ये-जा करते आहे. त्या फळीमागे मी एकदाही वाकून पाहिले नव्हते.

नळी आणि रिंग बदलायला अर्धा तासही लागला नाही. नळीला चिकटपट्टी गुंडाळणे किंवा जोडाला साबण थापून ठेवणे ही दुरुस्ती नव्हे. मुलींना त्याच दिवशी तिथून हलवले. गवंड्याने बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत जाळीचा झरोका पाडला. खिडकी उंचावर असेल तर खाली साचलेला गॅस तिच्यातून लवकर निघत नाही. मुळात खोलगट जागी सिलिंडर ठेवूच नये, म्हणून स्वयंपाकघर वरच्या खोलीत नेण्याचे काम हाती घेतले आहे.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण वसतिगृहापुरते नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्या पाड्यांवरही सिलिंडर पोहोचले. धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. पण कुडाच्या एकाच खोलीत गॅस असतो, चूलही असते आणि माणसे जमिनीवर झोपतात. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर. गळलेला गॅस सरपटत नेमका चुलीतल्या निखाऱ्याकडे जातो. म्हणून महिलांच्या मासिक सभेत आता आम्ही साबणाच्या फेसाची परीक्षा करून दाखवतो आणि चार गोष्टी सांगतो. त्या आपल्याही घरी उपयोगाच्या आहेत:

१. रात्री आणि घराबाहेर पडताना रेग्युलेटर बंद करावा. नुसता शेगडीचा कान बंद करून भागत नाही.

२. आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळीच वापरावी आणि पाच वर्षांत बदलावी. ती भिंतीतून किंवा फळीमागून लपवून नेऊ नये. दिसेल अशी ठेवावी.

३. सिलिंडर उभाच ठेवावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच असावी. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरची खूण वाचावी. डी-२८ म्हणजे २०२८ सालच्या ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत चाचणीची मुदत. ए, बी, सी ही त्याआधीची तिमाही. झडप तपासून द्या, असे आणणाऱ्याला सांगावे. तो आपला हक्क आहे.

४. गळती रेग्युलेटरच्या बुडाशी असेल तर तो काढून टोपी लावावी, सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवावा आणि मेकॅनिकला बोलवावे.

पाड्यावरच्या घरासाठी नवी नळी हा हातावरच्या पोटाला खर्च वाटतो आणि तो पुढे ढकलला जातो. या तिमाहीत आपल्या देणगीतला काही भाग आम्ही नळ्यांसाठी बाजूला ठेवला आहे. स्वयंपाकघराच्या कामालाही आपला हातभार हवा आहे.

ती मुलगी आता सहावीत आहे. तिने काही सांगितले की मी आधी पोती हलवत नाही, तिच्याजवळ खाली बसते. आज रात्री झोपण्यापूर्वी आपणही एकदा रेग्युलेटर पाहावा, ही विनंती.

आपली, प्रभूच्या सेवेतील,
वसतिगृहाची ताई