क्लाउडवरचा ऊस आणि गावाचा वाटा

नीरा-भीमेच्या संगमावरचे नरसिंहपूर हे इंदापूर तालुक्याचे टोक आणि पुणे जिल्ह्याचेही. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. लक्ष्मी-नृसिंहाच्या दर्शनाला राज्यभरातून माणसे येतात. या पट्ट्याचे पोट मात्र उसावर चालते. आणि हा ऊस आता डेटा सेंटरपर्यंत पोहोचला आहे.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने 2024 मध्ये सुमारे 1000 ऊस उत्पादकांना सोबत घेऊन एक प्रयोग सुरू केला. मातीतले सेन्सर ओल मोजतात, हवामान केंद्र वारा-पाऊस टिपते, उपग्रह वरून पीक न्याहाळतो. सगळी माहिती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जाते आणि मोबाईलवर मराठीत निरोप येतो: आज पाणी द्या, अमुक कोपऱ्यात खत टाका, कीड दिसतेय, बघून या. पाटपाण्याच्या पाळीवर वर्ष काढणाऱ्या शेतकऱ्याला याचे मोल सांगावे लागत नाही.

हा फायदा खरा आहे. पण तो क्लाउड वापरल्याचा फायदा आहे, डेटा सेंटर शेजारी असल्याचा नव्हे. मायक्रोसॉफ्टचे एक क्लाउड केंद्र 2015 पासून पुण्यात आहे. ते फक्त चेन्नईत असते, तरी नरसिंहपूरच्या शिवारात हाच निरोप आला असता.

मग ज्या हद्दीत डेटा सेंटरची इमारत उभी राहते, तिथल्या लोकांच्या पदरात काय पडते? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जगातली सर्वांत मोठी डेटा सेंटरची दाटी आहे. तिथल्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आयोगाने डिसेंबर 2024 मध्ये हिशेब मांडला. अडीच लाख चौरस फुटांच्या केंद्राचे बांधकाम ऐन भरात असताना सुमारे 1500 माणसे राबतात. ते सुरू झाले की उरतात सुमारे 50, त्यातली निम्मी कंत्राटी. ॲमेझॉनने जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्रासाठी 8.3 अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर करताना वर्षाला 81,300 रोजगारांचा अंदाज दिला. त्यात बांधकाम, देखभाल, दूरसंचार अशी सगळी पुरवठा साखळी धरली आहे. ही कामे गेटशेजारच्या गावातल्या पोरांनाच मिळतील, असे त्यात कुठेही नाही.

साखर कारखान्याशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. कारखान्याला ऊस जवळचाच लागतो. तोडणी, वाहतूक, गॅरेज, हॉटेल, सगळे त्याच रस्त्यावर. सहकारी कारखान्यात शेतकरी सभासद असतो, वार्षिक सभेत उठून जाब विचारतो. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, देण्याचे बंधन 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते पाळले जात नाही तेव्हा आंदोलने होतात, पण आंदोलनाला कायद्याचा आधार असतो. शेताची माहिती क्लाउडवर घालणाऱ्याला असा कुठला हक्क आहे?

व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीला मात्र डेटा सेंटरचा घसघशीत लाभ झाला, कारण महागड्या यंत्रसामग्रीवरचा कर थेट स्थानिक तिजोरीत जातो. शाळा त्यावर चालतात. आपल्याकडे 2023 च्या आयटी धोरणाने डेटा सेंटरना मुद्रांक शुल्कात आणि वीज शुल्कात सवलती दिल्या आहेत. गुंतवणूक यावी म्हणून सवलत दिली, इथपर्यंत ठीक; पण जिथे लाभाचा मुख्य मार्गच कर आहे, तिथे स्थानिक संस्थेचा वाटा आधी ठरायला हवा.

विजेचे गणित तर सरळ आहे. 50 मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला 12 लाख युनिट लागतात, तेही अखंड. शेतीपंपाला मात्र आठ तास वीज, आणि सौर फीडर जिथे पोहोचले नाहीत तिथे पाळी रात्रीची आली की अंधारात बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जावे लागते.

उद्या बारामती किंवा इंदापूरच्या एमआयडीसीत असा प्रकल्प आलाच, तर ग्रामसभेने जमीन मोजण्याआधी कागद मागावा: घरपट्टी किती आणि कोणाला, थंडाव्यासाठी पाणी कुठले, आयटीआयच्या किती मुलामुलींना वातानुकूलन आणि वीजदेखभालीचे शिक्षण देऊन कायम घेणार. पाण्याच्या प्रश्नाला उत्तर आहे. नवी मुंबई महापालिका सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते उद्योगांना देते. उजनी धरणाच्या पाण्यावरून आधीच पुणे-सोलापूरचा वाद आहे. इथल्या केंद्राला पहिल्या दिवसापासून असेच प्रक्रिया केलेले पाणी वापरण्याची अट हवी.