पाऊस जिरवणारा जलविभाग

एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फिया शहर झपाट्याने वाढले, तेव्हा मिल क्रीक, विंगोहॉकिंग असे वाहते ओढे भुयारी गटारांत कोंडून त्यांच्यावर रस्ते आणि घरे बांधली गेली. शहराच्या सुमारे ६० टक्के भागात आजही घरातले सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच गटारातून वाहते. एरवी ते शुद्धीकरण केंद्रात पोचते. जोराची सर आली की गटार तुडुंब भरते आणि मैलामिश्रित पाणी शहरभरच्या १६४ मुखांतून नद्या-ओढ्यांत सुटते. डेलावेअर आणि स्कूलकिल या ज्या नद्यांत ते शेवटी जाते, त्यांचेच पाणी शहर पिते.

अशा वेळी शहरे सहसा जमिनीखाली प्रचंड बोगदे खणून जादा पाणी साठवतात. फिलाडेल्फियाच्या जलविभागाने मुख्य भर जमिनीवर द्यायचे ठरवले. विभागाचे पाणलोट कार्यालय १९९९ मध्ये सुरू करणारे आणि पुढे जल आयुक्त झालेले हॉवर्ड न्यूक्रग हे या विचाराचे शिल्पकार. २०११ मध्ये राज्य सरकारशी करार झाला आणि ‘ग्रीन सिटी, क्लीन वॉटर्स’ ही २५ वर्षांची योजना सुरू झाली.

योजनेचे माप आहे ‘हरित एकर’. एक एकर डांबर, काँक्रीट किंवा छपरावर पडणारा पहिला एक इंच पाऊस, म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी, अडवण्याची सोय झाली की एक हरित एकर मोजायचा. असे सुमारे साडेनऊ हजार एकर करायचे आहेत. त्यासाठी फुटपाथखाली खडी भरलेले चर खणून वर झाडे लावतात. रस्त्याचे पाणी आधी या चरात उतरते, मुळांना मिळते, मातीत मुरते. उरलेले सावकाश गटारात जाते. शाळांची आवारे आणि मैदाने यांत खोलगट वाफे केले जातात. दक्षिण भागातल्या पर्सी स्ट्रीटवर तर पाणी झिरपू देणारे सच्छिद्र डांबरच घातले आहे.

या साऱ्यामागचा सर्वांत धाडसी निर्णय मात्र बिलाचा आहे. पूर्वी पावसाच्या पाण्याचा आकार नळाच्या मीटरशी जोडलेला होता. त्यामुळे नळजोडणी नसलेल्या वाहनतळाच्या मालकाला काहीच भरावे लागत नसे, जरी त्याच्या डांबरावरून लोंढे गटारात जात. २०१० पासून व्यावसायिक जागांना झाकलेल्या जमिनीच्या क्षेत्रफळानुसार आकारणी सुरू झाली. आपल्या आवारातच पाणी जिरवणाऱ्याला बिलात सवलत मिळते. जमीन झाकणाऱ्याने तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व असे थेट हिशेबात उतरले.

घरमालकांसाठी ‘रेन चेक’ आहे: पन्हळीचे पाणी साठवायला मोफत पिंप, अंगणात वाफा करायला किंवा फरशी उखडायला अर्थसाहाय्य. वस्तीतली मंडळे वाफे दत्तक घेऊन तण काढतात, कचरा वेचतात. त्यासाठी त्यांना अनुदान मिळते. ‘पॉवरकोर पीएचएल’ या प्रशिक्षण उपक्रमातून तरुण मुले-मुली या वाफ्यांच्या देखभालीचे काम शिकतात. स्कूलकिलकाठचे फेअरमाउंट जलकेंद्र १८१५ मध्ये सुरू झाले आणि १९०९ मध्ये बंद पडले. आता तिथे मुलांना पाणलोटाचे धडे मिळतात.

योजना पूर्ण झाली तरी नद्यांत मैला जाणे संपूर्ण थांबणार नाही; पावसाच्या वेळी या एकत्र गटारांत आलेले ८५ टक्के पाणी अडवण्याइतके प्रदूषण रोखणे एवढेच तिचे उद्दिष्ट आहे. कामाचा वेग वाढवा, अशी पर्यावरणवाद्यांची मागणी रास्तच आहे. वाफ्यात कचरा साचला की पाणी मुरत नाही, म्हणून देखभालीचा खर्च कायमचा मागे लागतो.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्राने शेताच्या बांधावर आणि डोंगरउतारावर राबवली. शहरातल्या छपरांपर्यंत ती पुरेशी आलीच नाही. चार महिन्यांत कोसळणाऱ्या आपल्या पावसाला एक इंचाचे माप पुरणार नाही, वाफे आणि चर वेगळे आखावे लागतील. पण किती जमीन झाकली यावर पाण्याचा आकार ठरवायला आणि देखभालीत वस्तीला पैशासह वाटा द्यायला पावसाचे प्रमाण आड येत नाही. आपल्या महापालिकांनी सुरुवात तिथूनच करावी.