हवा तेवढाच वेग

जॅझ जॅकरॅबिट हा हिरव्या सशाचा खेळ १९९४ साली आला तेव्हा ४८६ संगणकावर तो झकास पळत असे. तोच खेळ तीन वर्षांनी आलेल्या पेंटियम-२ वर सुरू केला की ससा दिसायचाच नाही. काळ्या पडद्यावर ‘रनटाइम एरर २००’ एवढी ओळ उमटायची आणि खेळ तिथेच संपायचा. ही तक्रार शून्याने भागाकार केल्याची. प्रत्यक्षात शून्याने कोणी कशालाच भागत नव्हते. बोरलँडच्या पास्कलमध्ये लिहिलेले असे प्रोग्राम सुरू होताना आधी यंत्राची नाडी बघत. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, प्रोसेसर किती फेऱ्या मारतो ते मोजायचे, त्याला ५५ ने भागायचे आणि उत्तर १६ बिटांच्या कप्प्यात ठेवायचे. त्या कप्प्यात ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही. प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झच्या आसपास गेला की उत्तर कप्प्याबाहेर सांडते, आणि न मावणारे उत्तर व शून्याने भागाकार या दोन्ही गुन्ह्यांना इंटेलच्या प्रोसेसरकडे कलम एकच. यंत्र फार वेगवान म्हणून खेळ बंद.

जुना डेस्कटॉप खेळांसाठी पुन्हा उभा करणाऱ्यांची सगळी धडपड या एका गोष्टीभोवती फिरते. लोकांना तो आठवणींचा उमाळा वाटतो. थोडा असतोही, आमच्या पिढीने डेव्ह आणि प्रिन्स हे खेळ कोणाच्या तरी काकांच्या ऑफिसातल्या संगणकावर खेळलेले आहेत. पण स्क्रूड्रायव्हर हातात घेतल्यावर उमाळा पहिल्या तासात ओसरतो आणि खरा प्रश्न समोर येतो: हा खेळ लिहिणाऱ्याने कोणता वेग गृहीत धरला होता?

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे. त्या काळच्या पुष्कळ खेळांनी वेगळे घड्याळ वापरलेच नाही. प्रोसेसर जितक्या वेगाने आज्ञा पाळेल तितक्या वेगाने पात्र पळणार, असा सरळ हिशेब. पुढची यंत्रे वेगवान झाल्यावर हे खेळ खेळण्यापलीकडे गेले, म्हणून कॅबिनेटवर टर्बोचे बटण आले. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग वेग कमी करण्यासाठी. शेजारी हिरव्या दिव्यांत ‘६६’ असा ऐटदार आकडा झळकायचा. तो आकडा यंत्र मोजत नसे. पॅनेलच्या मागे छोटे जंपर असत आणि जुळणी करणारा माणूस ते लावून हवा तो आकडा दाखवू शके. ‘९९’ दाखवणारे मठ्ठ यंत्रही सहज बनवता आले असते, आणि कोणी बनवले नसेल यावर माझा विश्वास नाही.

१९९० चा विंग कमांडर याच व्याधीचा प्रसिद्ध रोगी. ३८६ वर अंतराळातली लढाई रंगते, त्यापुढच्या यंत्रांवर शत्रूचे विमान दिसायच्या आत मागे निघून जाते. उलट १९९६ च्या क्वेकला पेंटियमच हवा, कारण त्याची सगळी भिस्त दशांश अपूर्णांकांच्या जलद गणितावर. म्हणजे १९८५ ते २००० मधले सगळे खेळ एकाच यंत्रावर नीट चालणे जवळपास अशक्य. तरीही त्यातल्या त्यात सोयीची तडजोड विचारलीत तर मी पेंटियम एमएमएक्स म्हणेन. १९९७ च्या जानेवारीत तो १६६ आणि २०० मेगाहर्ट्झमध्ये आला, पुढे २३३ मध्ये. एरवी तो क्वेक चालवतो, आणि आतली कॅश स्मृती बंद केली की गडी थेट ३८६ च्या पायरीवर उतरतो. एकाच डब्यात दोन दशके नव्हेत, पण एक तरी येते.

इथे ‘जास्त ते चांगले’ ही आपली सवय वारंवार तोंडघशी पडते. या प्रोसेसरसाठी इंटेलचा ४३० टीएक्स हा चिपसेट लोकप्रिय होता. तो फक्त पहिल्या ६४ एमबी रॅमलाच बाहेरच्या कॅशचा लाभ देतो. आज जुनी रॅम हाताशी आहे म्हणून १२८ एमबी बसवली, तर विंडोज ९८ स्मृती वरच्या टोकापासून वापरत येते, म्हणजे नेमकी कॅश नसलेल्या भागातून. रॅम दुप्पट, यंत्र संथ. दुकानदारांना ही गोष्ट तेव्हाही पटत नसे.

आता यंत्र आणायचे कुठून? मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरी आलेला संगणक बहुधा असेंबल्ड असायचा: कॅबिनेट एका दुकानातून, मदरबोर्ड दुसरीकडून, जुळणी ओळखीच्या पोराकडून. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाला आणि या मालावरची जकात टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आली. यंत्रे स्वस्त झाली तशी जुनी झपाट्याने माळ्यावर, आणि माळ्यावरून भंगारात गेली. लॅमिंग्टन रोडवर आयएसए स्लॉट, म्हणजे जुनी साउंड कार्डे बसवायची खाच, असलेला बोर्ड विचारला तेव्हा गल्ल्यावरचे काका म्हणाले, “ताई, पेंटियम फोरला पण आता कोणी विचारत नाही. तुम्ही तर आजोबांच्या वेळचं मागताय.” मग मागच्या पोत्यातून त्यांनीच दोन बोर्ड काढून दिले.

पोत्यातला बोर्ड दुर्मीळ होण्याचे कारण फार साधे आहे: सोने. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पिनांवर आणि आतल्या जोडणीत नंतरच्या प्लॅस्टिकवाल्यांपेक्षा जास्त सोने असे. भंगाराच्या धंद्यात ते वेगळे निवडले जातात आणि दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी पोहोचतात. तिथून पुढे पुष्कळ माल आम्लात बुडवून सोने काढणाऱ्यांच्या हाती लागतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम नोंदणीकृत पुनर्चक्रणाची वाट दाखवतात, आणि आम्लाच्या धुरात बसणाऱ्या माणसांकडे पाहता ते योग्यच आहे. पण पुनर्चक्रण म्हणजेही बोर्डाचा चुरा. छंदी माणसाला त्याच्या आधी मध्ये पडावे लागते.

बोर्ड घरी आला की वीज जोडण्याआधी बॅटरी बघायची. ३८६-४८६ च्या अनेक बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन बसवलेली असते. काही वर्षांनी ती गळते. आतला अल्कली द्रव तांब्याच्या बारीक रेघांवर पसरतो आणि त्या हिरव्या-निळ्या होऊन तुटतात. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, ही झीज आणखी लवकर होते. उपाय स्वयंपाकघरात आहे: व्हिनेगरने अल्कली मारायची, स्वच्छ पाण्याने धुवायचे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग मल्टिमीटर घेऊन एकेक रेघ वाजवून बघायची. तुटली असेल तिथे केसाएवढी तार. काही बोर्डांवर डॅलस कंपनीची घड्याळाची चिप असते आणि तिची बॅटरी राळेत पक्की बुजवलेली. ती संपली की यंत्र तारीख आणि हार्ड डिस्क दोन्ही विसरते; मग राळ कोरून आतल्या टोकांना बाहेरून बटणबॅटरी जोडायची. हे काम करताना हात थरथरतो.

पुढचा संशयित कपॅसिटर. इथे नवे ते टिकाऊ हा समजही उलटतो. साधारण २००० च्या आगेमागे आणि नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर सदोष द्रव भरलेले कपॅसिटर बसले. आत वायू तयार होतो, माथ्यावरची खाच फुगते, कधी तपकिरी खपली वर येते. त्यामुळे पेंटियम-३ आणि पेंटियम-४ चे बोर्ड पुष्कळदा त्यांच्या आधीच्या पिढीपेक्षा वाईट अवस्थेत सापडतात. बदलताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तितके किंवा जास्त, १०५ अंशांचे आणि कमी अंतर्गत रोध असलेले घ्यायचे. पट्टी असलेली बाजू ऋण. बोर्डाच्या आतले तांब्याचे थर उष्णता शोषून घेतात, म्हणून रेडिओ दुरुस्तीचे साधे सोल्डरिंग आयर्न इथे पुरत नाही.

पॉवर सप्लायबद्दल एकच. जुन्या एटी पद्धतीत बोर्डाला दोन वेगळ्या कनेक्टरांनी वीज जाते आणि ते उलटसुलटही बसतात. काळ्या वायरी मध्ये शेजारी-शेजारी यायला हव्यात. ‘काळ्याला काळी’ हे जुने कारागीर पहिल्याच दिवशी शिकवत. चुकलात तर सगळा बोर्ड जळतो.

यंत्र सुरू झाले, आता आवाज. मला विचाराल तर सगळ्या खटाटोपाचे खरे बक्षीस इथे आहे. १९८७ च्या ॲडलिब कार्डावर यामाहाची वायएम३८१२ ही चिप होती. एका वेळी नऊ स्वर, तेही तरंगांवर तरंग चढवून तयार केलेले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणले, तीच चिप ठेवून वर ध्वनिमुद्रित आवाजाची सोय केली आणि बाजार मारला. डॉसमध्ये खेळ आणि कार्ड यांच्यामध्ये कोणी नसे. खेळ ठरलेल्या पत्त्यावर, थेट कार्डाच्या दारात, आकडे टाकी. म्हणून तर खेळ बसवताना तो विचारायचा: पोर्ट २२०? इंटरप्ट ५ की ७? डीएमए १? इंटरप्ट ७ प्रिंटरचाही असल्याने भांडण ठरलेले. नंतरच्या बोर्डांवरच्या अंगभूत ध्वनिचिपा त्या पत्त्यावर राहतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर डॉसचा खेळ मुका. आयएसए स्लॉटसाठी दुकाने पालथी घालायची ती यासाठी.

स्मृतीची कसरतही याच थेटपणाची दुसरी बाजू. डॉसला प्रोग्रामसाठी ६४० केबी. माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर त्यातच बसणार, आणि खेळ म्हणणार की मला ६०० मोकळे हवेत. कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट या दोन फायलींत ओळी खालीवर करून एकेक केबी सोडवायचा. १९९२ चा अल्टिमा-७ तर स्वतःचाच स्मृतिव्यवस्थापक घेऊन यायचा आणि डॉसचा ईएमएम३८६ दिसला की अडून बसायचा. त्याच्यासाठी वेगळी बूट फ्लॉपी लागे.

पडद्याचे गणित मात्र देखणे आहे. ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० ठिपके, प्रत्येकाला एक बाइट, रंग २५६. जुन्या प्रोसेसरच्या ६४ केबीच्या एका तुकड्यात सगळे चित्र बसते. हे ठिपके चौरस नाहीत. चारास तीन प्रमाणाच्या काचेच्या पडद्यावर ते रुंदीपेक्षा एक पंचमांश उंच दिसत आणि चित्रकारांनी चेहरे त्या हिशेबाने काढले. सपाट पडद्यावर चौरस ठिपक्यांनी दाखवले की सगळी पात्रे बसकी, सुटलेली दिसतात. शिवाय ते चित्र सेकंदाला ७० वेळा रंगवले जाई. आजचे बरेच पडदे ६० वर ठाम.

हार्ड डिस्कला पर्याय सोपा निघाला. कॅमेऱ्याचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीई डिस्कचीच भाषा बोलते, स्वस्तातला जोडतुकडा लावला की झाले. ४ जीबीचे कार्ड घेऊन दोन भाग करावेत, कारण डॉसला एका भागात २ जीबीच्या पुढे दिसत नाही. सीडी ड्राइव्ह मात्र काढू नये. क्वेकचे नाइन इंच नेल्सने केलेले संगीत तबकडीवर साध्या गाण्यांसारखे मुद्रित होते; ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत जाणाऱ्या बारीक वायरीतून ते वाजते. नुसत्या फायली कार्डावर उतरवल्या की भुते येतात, संगीत येत नाही.

एवढे सगळे कशाला, आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा डॉसबॉक्स आहे ना? आहे, २००२ पासून, आणि उत्तम आहे. इंटरनेट आर्काइव्हने २०१५ च्या सुरुवातीला दोन हजारांवर डॉसचे खेळ थेट ब्राउझरमध्ये खुले केले. ज्याला फक्त प्रिन्सला तळघरातून बाहेर काढायचे आहे त्याने तेच वापरावे. त्याला जुन्या बाजारात पाठवणे क्रूरपणा ठरेल. पण डॉसबॉक्समध्येही वेग किती ठेवायचा ते आपल्यालाच ठरवावे लागते, आणि तो आकडा बरोबर आहे की नाही हे ताडून पाहायला खरे यंत्र कुठेतरी चालू लागते.

जुन्या साउंड कार्डांची चणचण भासू लागल्यावर हौशी अभियंत्यांनी नवी आयएसए कार्डे बनवायला घेतली आहेत. त्यातल्या पिकोगस या कार्डावर रास्पबेरी पाय पिको या पाटीवरची आरपी२०४० चिप आहे. ही पाटी २०२१ मध्ये चार डॉलरला बाजारात आली. चिप ॲडलिबची आणि इतर जुन्या कार्डांची हुबेहूब नक्कल करते. तिचा मूळ ठरवलेला वेग १३३ मेगाहर्ट्झ, तोही या कामासाठी बराच वाढवून घ्यावा लागतो. ते कार्ड ४८६ डीएक्स२ मध्ये बसवले तर मुख्य प्रोसेसर ६६ वर आणि बाजूला नऊ स्वरांची नक्कल करणारा त्याच्या दुपटीहून पुढे.