'तुंबणे', 'निकामी' आणि 'इजा' : एका वैद्यकीय संज्ञेचा अर्थविचार

पारनेर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्यास घोणस चावली आणि काही तासांनी त्याची लघवी कमी झाली, तर घरची माणसे 'लघवी तुंबली' असे सांगतात. मूत्र तयार झाले आहे, परंतु त्यास वाट मिळत नाही, हा अर्थ 'तुंबणे' या क्रियापदात गृहीत आहे. वस्तुतः या सापाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरू लागतात. मूत्र मुळी पुरेसे तयारच होत नाही. पुढे अहिल्यानगर किंवा पुणे येथील रुग्णालयात रक्ततपासणी झाली, की तेच कुटुंब 'किडनी निकामी झाली' असे म्हणू लागते. पहिल्या शब्दाने विकाराचे स्थान चुकते, दुसऱ्याने त्याचा काळ. निकामी वस्तू टाकून द्यावयाची असते. येथे मात्र वेळेवर उपचार झाल्यास नलिकांच्या पेशी पुन्हा निर्माण होतात आणि कित्येक रुग्णांचे डायलिसिस काही आठवड्यांत थांबते.

इंग्रजी संज्ञाही याच वाटेने गेली आहे. 'अॅक्यूट रीनल फेल्युअर' हा शब्दप्रयोग होमर स्मिथ यांच्या १९५१ च्या ग्रंथापासून रूढ झाला. परंतु 'फेल्युअर' नेमके कोठे सुरू होते, याविषयी दीर्घकाळ एकमत नव्हते. २००४ मध्ये पायऱ्या ठरविणारे निकष आले आणि त्यानंतर 'फेल्युअर'ची जागा 'इंज्युरी'ने घेतली. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत दर डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढणे एवढेही निदानास पुरेसे आहे. ही वाढ क्षुल्लक वाटते. तथापि अमेरिकेतील एका रुग्णालयातील सुमारे २० हजार रुग्णांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, क्रिएटिनिन ०.५ मिलिग्रॅमने किंवा अधिक वाढलेल्यांत मृत्यूचे संभव-प्रमाण, वय व अन्य विकार हिशेबात घेऊनही, साडेसहापट आढळले.

संज्ञा रुंदावली की मृत्युदरही बदलतो. समजा, जुन्या व्याख्येत १० रुग्ण बसतात व त्यांपैकी ५ दगावतात. नव्या व्याख्येने तेथेच ३० रुग्ण मोजले जातात व ७ दगावतात. दर ५० टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर येतो. वाचलेला माणूस मात्र एकही वाढत नाही. यास्तव दोन काळांतील दरांची तुलना करताना आकड्याआधी व्याख्या पाहावी लागते.

मराठी प्रतिशब्दांची अडचण निराळीच आहे. 'तीव्र' म्हणजे जोरदार. 'अॅक्यूट'मध्ये अचानकपणाचा अर्थ मुख्य, म्हणून सौम्य विकारास 'तीव्र' म्हणणे विद्यार्थ्यास विसंगत वाटते. 'आकस्मिक' अधिक बरे. 'इजा' ऐकताच मार किंवा जखम डोळ्यांपुढे येते. 'आघात' घ्यावा, तर आयुर्वेदातील 'मूत्राघात' पुन्हा लघवी अडण्याकडेच नेतो. तूर्त 'मूत्रपिंडाची आकस्मिक इजा' ही त्यातल्या त्यात निर्दोष. दंश झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांस मात्र यांपैकी कोणतीच संज्ञा न वापरता शेवटची लघवी केव्हा झाली, किती झाली आणि तिचा रंग कसा होता, एवढे विचारता येते.