कातळावरचा पहिला धडा

मोहोळच्या परिसरात विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. हा बेसाल्ट खडक होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडलेला लाव्हा थंड होऊन तो तयार झाला. विहिरीत दिसणाऱ्या या खडकाचेच कडे मुंबईजवळ मुंब्रा येथे उभे आहेत. १९५४ साली स्थापन झालेल्या 'गिरिविहार'सारख्या संस्थांमुळे मुंबईची अनेक मुले तेथे प्रस्तरारोहण शिकली.

तेथील पहिला धडा असतो तो पायांचा! नवखा विद्यार्थी भीतीने पोट खडकाला चिकटवतो आणि हातांनी लोंबकळतो. त्यामुळे काही भार हातांवर व छातीवर जातो, पायांवरील दाब घटतो. दाब घटला की घर्षण घटते आणि पाय सटकतो. शरीर खडकापासून थोडे दूर ठेवून सरळ उभे राहिले, तर वजन तळव्यांवर पडते व पकड वाढते. शिडी चढताना आपण पायांनीच वर जातो ना? तसेच हे. दोन हात व दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवायचा, बाकीचे तीन आधार पक्के ठेवायचे.

दुसरा धडा दोराचा. कंबरेच्या पट्ट्याला बांधलेला दोर वर पक्क्या केलेल्या कडीतून खाली सोबत्याकडे येतो. समजा, दोर ढिला राहिला आणि ६० किलोग्रॅम वजनाचा मुलगा २ मीटर पडला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर होईल. न ताणणाऱ्या दोराने त्याला ०.०५ सेकंदात थांबवले, तर वजनाच्या सुमारे १४ पट हिसका बसेल. ताणल्या जाणाऱ्या नायलॉनच्या दोराने तेच काम अर्ध्या सेकंदात केले, तर तो जेमतेम सव्वादोन पट राहील. म्हणून दोर लवचिक हवा, आणि सोबत्याने तो ढिला सोडता कामा नये.

पण एवढा भार सोबत्याच्या हातांना पेलतो कसा? मारका बैल आवरताना शेतकरी कासऱ्याचा वेढा झाडाला देतो, तीच ही युक्ती. तुम्हीही करून पाहा. आडव्या, गुळगुळीत बांबूवरून सुतळी टाका. एका टोकाला वीट बांधा, दुसरे टोक हातात धरा. आता बांबूभोवती एक, मग दोन पूर्ण वेढे द्या. घर्षणांक ०.२५ असेल, तर दर वेढ्यागणिक हाताला लागणारे बल सुमारे पाचपटीने कमी होते. सोबत्याच्या पट्ट्यावरील धातूचे साधन दोराला असेच वळसे देते.

चढण्यापूर्वी गाठ स्वतः तपासायची आणि सोबत्याकडूनही तपासून घ्यायची. डोक्यावर शिरस्त्राण हवेच. विहिरीच्या किंवा खाणीच्या कडेवर मात्र एकट्याने हा खेळ करू नका. जाणकार प्रशिक्षक असल्याशिवाय कातळाला हात लावू नये. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. तेथील खेळाडूंचीही सुरुवात अशाच पहिल्या धड्याने झाली असणार.