सात शिखरे आणि एक मग लापशी

समजा, तुम्हांला कोणी एकाच दिवसात चार कामे सांगितली. सकाळी उठून थंड पाण्याचा मोठा तलाव पोहून ओलांडायचा. अंग पुसून लगेच डोंगराला लागायचे. आणि एक नव्हे, ओळीने सात शिखरे चढून उतरायची. खाली आल्यावर होडी वल्हवायची. शेवटी सायकलवर बसून लांबचा पल्ला गाठायचा. ‘हे कोणाला जमेल?’ असे तुम्ही म्हणाल. पण स्कॉटलंडमध्ये अशी स्पर्धा अनेक वर्षे भरवली गेली. तिच्यात भाग घेणारे सगळेच काही नामवंत खेळाडू नव्हते. नोकरी-धंदा करणारी, घरसंसार सांभाळणारी साधी माणसेही त्यांत होती. त्यांना हे कसे जमले आणि त्यांनी हे कष्ट कशासाठी घेतले, ते या पाठात पाहू.

या स्पर्धेचे नाव ग्रेट किंड्रॉकिट क्वाड्रॅथलॉन. ‘क्वाड्रॅथलॉन’ म्हणजे चार खेळांची सलग स्पर्धा. स्पर्धेची जागा म्हणजे लॉख टे नावाचा तलाव आणि त्याच्या काठचे डोंगर. स्कॉटलंडमध्ये तलावाला ‘लॉख’ म्हणतात. हा तलाव सुमारे २३ किलोमीटर लांब आहे. रुंदीला मात्र अरुंद आहे. त्याच्या उत्तरेला बेन लॉअर्स नावाची डोंगररांग उभी आहे. स्पर्धकांनी आधी सुमारे १.३ किलोमीटर पोहून तलाव ओलांडायचा, मग सात शिखरांवरून सुमारे २४ किलोमीटर चालायचे किंवा धावायचे, मग सुमारे ११ किलोमीटर होडी वल्हवायची आणि शेवटी सुमारे ५५ किलोमीटर सायकल चालवायची, असा क्रम होता. एवढे झाल्यावर आणखी एक गंमत होती. स्कॉटलंडच्या जुन्या योद्ध्यांच्या तलवारीसारखी भली मोठी तलवार घेऊन एक कलिंगड कापायचे, तेव्हा कुठे स्पर्धा संपायची!

बेन लॉअर्सची उंची १,२१४ मीटर आहे. आपल्या महाराष्ट्रातील कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे बेन लॉअर्स त्याच्यापुढे ठेंगणेच. पण डोंगराची परीक्षा केवळ उंचीवरून करू नये. स्कॉटलंड आपल्यापेक्षा पुष्कळ उत्तरेला आहे. तेथे भर उन्हाळ्यातही डोंगरावर धुके, पाऊस आणि बोचरा वारा असतो. शिवाय दर हजार मीटर चढल्यावर हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. तेथील ३,००० फुटांहून, म्हणजे सुमारे ९१४ मीटरांहून, उंच शिखरांना ‘मन्रो’ म्हणतात. ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली अशा शिखरांची यादी प्रसिद्ध केली. म्हणून त्यांचेच नाव शिखरांना मिळाले. आज या यादीत २८२ शिखरे आहेत. बेन लॉअर्सच्या रांगेत अशी सात शिखरे एकमेकांना लागून आहेत.

आता तयारीकडे वळू. तयारी, मेहनत, हिंमत हे शब्द तुम्ही घरी उर्दूत रोज ऐकता. मराठीतही ते याच अर्थाने वापरतात. अशा स्पर्धेत हिंमत लागतेच. पण नुसत्या हिंमतीवर सात शिखरे पार होत नाहीत. तयारी कित्येक महिने आधी सुरू करावी लागते.

तयारीचा पहिला नियम असा, की वाढ हळूहळू करावी. आज दोन किलोमीटर धावणाऱ्याने उद्या दहा किलोमीटर धावू नये. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात; पण हाडे, सांधे आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे पट्टे सरावायला जास्त वेळ लागतो. दम पुरतो म्हणून माणूस धावत सुटतो आणि गुडघा दुखावून घेतो. म्हणून पुष्कळ शिक्षक सांगतात, की दर आठवड्याला आधीच्या आठवड्यापेक्षा सुमारे एक दशांशच वाढ करावी. २० किलोमीटर चालत असाल, तर पुढच्या आठवड्यात २२.

दुसरा नियम विश्रांतीचा. व्यायाम करताना शरीर बळकट होत नाही, ते थकते. बळकटी येते ती नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत. थकलेल्या स्नायूंची डागडुजी तेव्हाच होते. म्हणून आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी हवीच. स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे तर सराव मुद्दाम कमी करतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्या मुलांनी हा नियम नीट लक्षात ठेवावा.

आपण फार जोर लावतो आहोत की काय, हे कसे ओळखावे? त्यासाठी यंत्राची गरज नाही. चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता येत असतील, तर वेग ठीक आहे. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल, तर वेग जास्त आहे. लांबच्या पल्ल्याचा बहुतेक सराव बोलता येईल अशाच वेगाने करावा.

डोंगराचा सराव डोंगरावरच होतो. जवळ डोंगर नसेल, तर जिना चांगला. चढताना दम लागतो, म्हणून चढणेच कठीण असे आपल्याला वाटते. पण दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते बहुधा उतरल्यामुळे! उतरताना मांडीचे स्नायू एकाच वेळी ताणले जातात आणि अंगाचे वजनही तोलून धरतात. त्यामुळे त्यांत अतिशय बारीक इजा होतात. एक-दोनदा उतरण्याचा सराव झाला, की स्नायू सावध होतात आणि पुढच्या वेळी कमी दुखतात. म्हणून सरावात चढण जेवढी, तेवढीच उतरणही हवी.

डोंगरात किती वेळ लागेल, याचा हिशेबही आधी करावा लागतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली यासाठी सोपा नियम सांगितला. तो आपल्या मापांत असा मांडता येईल : दर ५ किलोमीटरला एक तास धरा आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास मिळवा. समजा, वाट १५ किलोमीटरची आहे आणि चढाई ९०० मीटर आहे. चालण्याचे ३ तास, चढाईचे दीड तास. एकूण साडेचार तास. यात जेवण, विश्रांती किंवा खराब हवा धरलेली नाही. तुम्ही सहलीला गडावर जाल, तेव्हा हे गणित करून पाहा. अंधार पडण्याआधी खाली पोहोचू की नाही, ते घरी बसूनच कळेल.

पोहण्याची तयारी वेगळी असते. पाणी अंगातील उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. थंड पाण्यात एकदम उतरले, की श्वास अडकल्यासारखा होतो आणि धाप लागते. अशा वेळी घाबरून हातपाय मारणारा बुडू शकतो. म्हणून स्पर्धक तरणतलावात अंतराचा सराव करतात आणि नंतर थंड, उघड्या पाण्यात थोडा थोडा वेळ उतरून शरीराला सवय लावतात. अंगात जाड रबरी पोशाख घालतात. जवळ होडीत मदतनीस असतो. स्पर्धेत पोहणे पहिले का ठेवले असेल, याचे उत्तरही आता तुम्हांला देता येईल. दमलेल्या माणसाने थंड पाण्यात उतरणे सर्वांत धोक्याचे. एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा. नदीत, विहिरीत किंवा तलावात एकट्याने, मोठ्या माणसाशिवाय, कधीही उतरू नका.

चारही खेळ वेगवेगळे येत असले, तरी ते एकापाठोपाठ करणे ही आणखी निराळी गोष्ट आहे. डोंगर उतरून होडीत बसले, की पायांना विसावा मिळतो. पण हात आणि पाठ कामाला लागतात. होडीतून उठून सायकलवर बसले, की तेच दमलेले पाय पुन्हा फिरवावे लागतात. पहिली काही मिनिटे ते आपले नाहीतच असे वाटते. म्हणून स्पर्धक आठवड्यातून एकदा दोन खेळ जोडून करतात. चालून आले, की लगेच सायकल काढतात.

खाण्याचाही सराव करावा लागतो! आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो. जोराच्या श्रमात तो दीड-दोन तासांत संपत येतो. मग पाय जड होतात, डोके चालेनासे होते. हे टाळण्यासाठी भूक लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे थोडे खावे लागते. केळे, खजूर, चिक्की असे पदार्थ चालतात. इफ्तारला दोन-चार खजूर खाल्ल्यावर किती लवकर तरतरी येते, ते तुम्हांला ठाऊकच आहे. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. म्हणून तासन्‌तास नुसते पाणीच पाणी पिणेही बरे नाही. थोडे मीठही पोटात जायला हवे.

या स्पर्धेचा एक नियम मला फार आवडतो. येथे एकट्याने उतरायचे नसते. दोघांची जोडी असते आणि दोघांनी मिळूनच वाट पुरी करायची असते. त्यामुळे जोडीचा वेग म्हणजे दोघांतील हळू चालणाऱ्याचा वेग. वेगवान सोबत्याला पुढे पळून काहीच मिळत नाही. मग तो काय करतो? सोबत्याच्या पाठीवरचे ओझे आपल्याकडे घेतो. सायकलवर वाऱ्याच्या बाजूला स्वतः राहतो. तो खातो आहे की नाही, गप्प तर झाला नाही ना, याकडे लक्ष देतो. आणि हळू चालणाराही लपवाछपवी न करता ‘थांब, मला दम लागला’ असे वेळेवर सांगायला शिकतो. तेही धैर्याचेच काम आहे.

आता शेवटचा प्रश्न. एवढे कष्ट कशासाठी? ही स्पर्धा गरजूंसाठी पैसे जमवण्याकरिता होती. स्पर्धक आपल्या ओळखीच्या लोकांना सांगत, ‘मी सात शिखरे चढणार आहे. तुम्ही या कामासाठी काही रक्कम द्या.’ असा थोडा थोडा पैसा जमून तो मदतकार्य करणाऱ्या संस्थांना जाई. त्यांतील एक संस्था म्हणजे मेरीज मील्स.

२००२ साली मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो हे स्कॉटिश गृहस्थ आफ्रिकेतील मलावी देशात गेले होते. तेव्हा तेथे दुष्काळ होता. एका घरात आई मरणाच्या दारात होती. तिच्या मोठ्या मुलाला त्यांनी विचारले, की तुला आयुष्यात काय हवे आहे? पोटभर जेवण मिळावे आणि एखाद्या दिवशी शाळेत जाता यावे, एवढेच त्याने मागितले. त्यातून या संस्थेचे काम सुरू झाले. मलावीत प्रथम सुमारे २०० मुलांना शाळेत जेवण मिळू लागले. आज अनेक देशांतील वीस लाखांहून जास्त मुलांना ते मिळते. मलावीत हे जेवण म्हणजे मका आणि सोयाबीन यांच्या पिठाची गरम लापशी असते. मुले ती मगमध्ये घेऊन पितात. गावातलीच माणसे, विशेषतः मुलांच्या आया, पाळीपाळीने येऊन ती शिजवतात. जेवण शाळेतच मिळते, म्हणून कामाला किंवा अन्न शोधायला जाणारी मुले शाळेत येतात.

आपल्या देशाला ही कल्पना नवी नाही. १९९५ साली प्राथमिक शाळांतील मुलांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. शाळेतील खिचडीचा सुगंध तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचा असेल. ती खिचडी मिळते म्हणून एखाद्या घरची मुलगी शाळेत टिकली, असे तुमच्या वस्तीतही घडले असेल.

कोणी म्हणेल, ‘मदत करायची तर सरळ पैसे द्यावेत. त्यासाठी डोंगर चढायची काय गरज?’ हा प्रश्न रास्त आहे. डोंगर चढल्याने मलावीतील कोणाचे पोट भरत नाही. पोट भरते ते पैशांच्या धान्याने. आणि जमलेल्या पैशांचा चोख हिशेब ठेवला नाही, तर सात शिखरांचे कष्टही वाया जातात. पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दुसऱ्याकडे मागण्याआधी मागणाऱ्याने स्वतःचे कित्येक महिने आणि स्वतःचा घाम दिलेला असतो. असा माणूस दारात आला, की देणाऱ्याचा हात मोकळा होतो. आणि एरवी ज्याला कोणी विचारले नसते, तोही आपले चार पैसे त्यात घालतो.

मित्रांनो, तुम्हांला लॉख टेला जायला नको. तुमच्या शाळेतही असे काही करता येईल. एखाद्या जवळच्या टेकडीवर शिक्षकांबरोबर जोडीजोडीने चढायचे ठरवा. दोन महिने आधी सराव सुरू करा. कोणाला आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. जमलेल्या पैशांतून काय घ्यायचे, तेही आधीच ठरवा. वर्गातील एखाद्याची वह्या-पुस्तके असोत किंवा शाळेच्या पाण्याची टाकी असो. हिशेब फळ्यावर लिहा, सर्वांना दिसेल असा. आणि जोडी लावताना वर्गातील सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाचे नाव आधी घ्या.