पेट्रोल पुरं होतं ते पानेवाडीत

पेट्रोल रिफायनरीत तयार होतं, हे आता अर्धंच खरं. मुंबईच्या माहुलहून पाइपलाइनने मनमाडजवळच्या पानेवाडीत येतं ते बिनइथेनॉलचं पेट्रोल. साखर कारखान्यांचं, हल्ली मक्याचंही, इथेनॉल तिथल्या डेपोत टँकरने येतं आणि वेगळ्या टाकीत राहतं. १२ हजार लिटरचा टँकर पंपाकडे निघतो तेव्हा त्यात २,४०० लिटर इथेनॉल असतं. हे मिश्रण माहुललाच का करत नाहीत? इथेनॉल पाणी ओढून घेतं. त्याच पाइपातून एकामागून एक डिझेल, पेट्रोल वाहतं. कुठे जरा ओल राहिलेली असतेच. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल त्याच्यासह वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकीतून आधी उपसलं जातं ते तळाचंच. म्हणून पंपावर डिप रॉडला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकी तपासावी लागते. एप्रिल २००१ नंतरच्या इथेनॉल-मिश्रणाच्या पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांत मिरजेसोबत मनमाडही होतं: मिश्रणाची जागा डेपो, आणि डेपो इथे होता.

मिश्रण शेवटच्या टप्प्यावर होतं, तर प्रमाण बदलणंही तिथे जमण्याजोगं आहे. मग जुन्या गाड्यांनाही २० टक्केच का? इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्याच २०२१च्या आराखड्यात, जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्के आणि दुचाकींचं ३-४ टक्के घटेल, असं म्हटलं होतं. समर्थक ऑक्टेन वाढल्याचं सांगतात, ते बरोबर आहे. पण त्याचा लाभ उठवायला इंजिन तसं बनवलेलं लागतं. परकीय चलन वाचतं, येवला-मालेगावच्या मक्याला गिऱ्हाईक मिळतं, हेही खरं. त्याची किंमत मात्र जुन्या स्कूटरवाल्याच्या खिशातून जाते, आणि मक्याचं इथेनॉल २०२३-२४ मध्ये लिटरला ७१.८६ रुपयांनी खरेदी होत होतं, त्यामुळे ते स्वस्तही म्हणता येत नाही.

दोन प्रकार ठेवायचे तर पंपांना जादा टाकी लागेल, हा आक्षेप वजनदार आहे. पण प्रीमियम पेट्रोल बऱ्याच पंपांवर आजही स्वतंत्र टाकीतूनच विकलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये बिनइथेनॉल पेट्रोलच्या पर्यायाची याचिका फेटाळली, त्यामुळे निर्णय सरकारकडेच राहिला. सगळीकडे नाही, तरी निदान मोठ्या पंपांवर १० टक्क्यांचं एक नोझल ठेवता येईल. त्यासाठी माहुलला काही बदलावं लागणार नाही. बदल करायचा तो पानेवाडीतल्या मीटरवर आणि पंपावरच्या एका टाकीत.